नीलरेषामीमांसा

रात्रीचा रस्ता. समोरून गाडी येते आणि तिच्या दिव्यांतून पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक निळी आडवी रेष निघते. प्रेक्षक म्हणतो, "वा, याला म्हणतात सिनेमा!" ही रेष गाडीत नसते, रस्त्यावर नसते, पटकथेत तर नसतेच. ती कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये असते आणि प्रकाशशास्त्राच्या हिशेबी ती चूक असते. या चुकीची उत्पत्ती, प्रकार आणि बाजारभाव यांचा सांगोपांग विचार करण्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकाने शिरावर घेतली आहे. (कोणी सोपवली नव्हती.)

प्रथम उत्पत्ती. अ‍ॅनामॉर्फिक लेन्स दुप्पट रुंदीचे दृश्य बाजूंनी चेपून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर कोंबते. थिएटरातली लेन्स ते पुन्हा पसरवते. चेपण्यासाठी नळीसारख्या वळणाच्या काचा लागतात. झगझगीत दिवा समोर आला की त्यांच्यावर आपटलेला प्रकाश एकाच दिशेला ओढला जातो आणि काचेवरचा लेप त्याला निळा रंग देतो. मागचे धूसर दिवे उभट अंडाकृती दिसतात, तो दोष निराळा. त्याचे उपासकही निराळे. रेषापंथीयांना ते किंचित उथळ समजतात.

दृश्य चेपण्याची ही युक्ती १९२०च्या दशकात आंरी क्रेतियाँ या फ्रेंच गृहस्थांनी काढली. १९५३ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने 'द रोब'मधून ती सिनेमास्कोप या नावाने पडद्यावर आणली. क्रेतियाँ मूळचे खगोलविद्येतले. दुर्बिणीत कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटू नयेत अशी आरशांची रचना त्यांनी जॉर्ज रिची यांच्यासोबत केली होती. हबल दुर्बीण त्याच रचनेची. हबलचा आरसा घासताना चूक झाली, चित्रे धूसर येऊ लागली, तेव्हा १९९३ साली अंतराळवीर पाठवून तिला जवळजवळ चष्माच लावावा लागला. त्या धूसरपणाला 'कॅरॅक्टर' म्हणणारा एकही माणूस नासात निघू नये, याचे आश्चर्य वाटते. सिनेमावाले असते तर त्याचे भाडे वाढवले असते.

कारण इकडे नेमके तेच झाले. काचा स्वच्छ होत गेल्या, डिजिटल कॅमेऱ्यात नटाच्या कपाळावरची रोमरंध्रे मोजता येऊ लागली आणि छायालेखकांना जुन्या चुकांची आठवण येऊ लागली. २०१५च्या 'द हेटफुल एट'साठी रॉबर्ट रिचर्डसन यांनी पॅनाव्हिजन कंपनीकडच्या अल्ट्रा पॅनाव्हिजन लेन्स पुन्हा कामाला लावल्या. 'बेन-हर'च्या जमान्यातल्या या लेन्स १९६६च्या 'खार्टूम'नंतर बसूनच होत्या. पण जुना माल मोजका आणि मागणारे उदंड, त्यामुळे चुका नव्याने घडवणे आले. जर्मनीत हॉक 'व्हिंटेज ७४' निघाल्या. इंग्लंडच्या कुक कंपनीने रेष ठळक उमटावी म्हणून खास लेप काढला. चिनी कंपन्यांनी हाच आनंद स्वतंत्र चित्रपटवाल्याच्या खिशात बसवला. काही लेन्स आता निळ्या किंवा सोनेरी रेषेच्या मिळतात, साडीचे काठ निवडावेत तशा. शिवाय ४० मिलिमीटरच्या लेन्सची रेष ७५ मिलिमीटरच्या रेषेशी जुळली पाहिजे, नाहीतर संच परत. दोष निर्दोष हवा.

ज्याला तेही परवडत नाही त्याने साध्या लेन्सवर तंगूस उभा ताणून चिकटवावा. प्रकाश त्याच्याशी काटकोनात पसरतो आणि फुकटात आडवी रेष मिळते. वर्सोव्यात कोळीवाडा आणि होतकरू दिग्दर्शक शेजारीशेजारी नांदत असल्याने कच्च्या मालाची अडचण नाही.

भारतीय पुरावा तपासताना मात्र निराशा होते. आपला पहिला सिनेमास्कोप चित्रपट 'कागज के फूल', १९५९ सालचा. त्यातला व्ही. के. मूर्ती या छायालेखकांचा तो जगप्रसिद्ध प्रकाशझोत आरशांनी ऊन वळवून स्टुडिओत आणलेला. त्यात लेन्सची चूक कुठेच नाही. आणि चित्रपट कृष्णधवल, म्हणजे निळ्या रेषेचा प्रश्नच मिटला. नाइलाजाने ही कलाकृती आमच्या अभ्यासातून वगळावी लागत आहे.

राहता राहिले गालगुंड. सुरुवातीच्या सिनेमास्कोप लेन्स जवळच्या वस्तूला कमी चेपत. थिएटरातली लेन्स मात्र ठरल्याप्रमाणे दुप्पट पसरवी. परिणामी क्लोजअपमध्ये नायिकेचे गाल दोन्हीकडे सुजत. हॉलिवूडने या विकाराला खरोखरच गालगुंडाचे नाव दिले होते. पॅनाव्हिजनने उलटसुलट फिरणाऱ्या जादा काचा बसवून १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यावर इलाज केला आणि त्या इलाजावरच आपले साम्राज्य उभारले. वास्तविक अस्सल जुनेपणाचा याहून भक्कम दाखला नाही. रेष परत आली, अंडी परत आली, कडांचा धूसरपणाही मानाने परत आला. पण 'गालगुंडासहित' असा शिक्का असलेली लेन्स कोणी बाजारात आणलेली आमच्या पाहण्यात नाही. निळी रेष गाडीच्या दिव्यावर पडते आणि गाडीला मॅनेजर नसतो, एवढेच कारण आम्हाला सुचते.