तेलकाका

लखनौच्या चिनहटमध्ये टेनिस बॉलचा सामना रंगात असताना कोणी धडपडला, तर तिथे आधी वास पोचतो आणि मागून तेलकाका. पुदिना, निलगिरी, कापूर, आणि त्या सगळ्याखाली जुन्या टूलबॉक्सचा दर्प. क्षेत्ररक्षक दोन पावलं मागे सरकतात, पंच डोळे पुसतो, आणि ज्याला फारसं लागलेलंच नसतं तो पोरगा "अंकलजी, मैं बिल्कुल ठीक हूँ" म्हणत ताडकन उभा राहतो. काकांच्या तेलाच्या या एका गुणाबद्दल तरी कोणत्याही डॉक्टरने शंका घेऊ नये.

प्रत्येक मैदानाला असा एकजण असतो. तो खेळत नाही. स्कोअर किती, जिंकायला किती हवेत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कोणाचं काय, कधी आणि कुठल्या बाजूचं दुखावलं, ते मात्र तोंडपाठ. एखाद्या बॉलरचं नाव काढा, काका त्याच्या विकेट्स सांगणार नाहीत. "तो होय? उजवी पोटरी. मागच्या डिसेंबरात." संपली ओळख.

काका मूळचे कोल्हापूरचे आणि नोकरीने पिंपरीचे. टाटांचा लखनौचा कारखाना १९९२ मध्ये इथे, चिनहटच्या देवा रोडवर सुरू झाला. त्यानंतर कधीतरी काका 'दोनच वर्षांसाठी' बदलून आले आणि काकूंनी त्या भरवशावर पिंपरीच्या घरातले पडदेसुद्धा उतरवले नाहीत. २००३ मध्ये कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण काकांच्या तोंडी अजून टेल्कोच आहे. टेल्कोत ते वंगण बघायचे. कुठल्या बेअरिंगला कुठलं ग्रीस, किती आणि किती किलोमीटरनंतर, यात त्यांची हयात गेली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी मानवी गुडघ्याचं चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा त्यांना खरा धक्का बसला. "सगळं डिझाइन उत्तम. पण ग्रीस निपल कुठाय?"

गुडघ्यात सायनोव्हियल द्रव नावाचं वंगण आधीपासून असतं, आणि बाहेरून चोळलेलं तेल तिथवर पोचत नाही, हे त्यांना अनेकांनी समजावलं आहे. काका ऐकून घेतात. मग शांतपणे विचारतात, "ते झालं फॅक्टरी फिल. टॉप-अपचं काय?"

आणि हा नाद लागायला चिनहटइतकं धोक्याचं ठिकाण दुसरं नसेल. एका बाजूला कुकरैलच्या जंगलाजवळ सीमॅप, म्हणजे १९५९ पासून औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणारी केंद्रीय संस्था. दुसऱ्या बाजूला हद्द ओलांडली की बाराबंकी, मेंथ्याचं, म्हणजे तेलाच्या पुदिन्याचं, माहेरघर. पश्चिमेला काही तासांवर कन्नौज, तिथे अजून तांब्याच्या देगांत अत्तरं उतरतात. सीमॅपचा शेतकरी मेळा जानेवारीअखेर भरतो. काकांच्या नावावर सातबाऱ्याचा एक गुंठा नाही, तरी ते मेळ्याला शेतकऱ्यांच्या आधी हजर असतात. एका वर्षी तिथून मेंथ्याच्या मुळ्या आणून त्यांनी बाल्कनीत कुंड्या लावल्या. शंभर किलो पाल्यातून जेमतेम पाऊण किलो तेल निघतं, हा हिशेब त्यांना ठाऊक होता, पण उत्साहापुढे तो टिकला नाही. तेल काही निघालं नाही. काकूंनी पाल्याची चटणी केली. मेंथा हा चटणीचा पुदिना नव्हे, हे घरादाराला त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत कोणाला चहाची चव लागेना.

जून महिन्यात मात्र काकांना घरात थोपवणं अशक्य. बाराबंकीकडच्या शेताशेतांत टाक्या पेटतात, आत पाला रचलेला, खालून वाफ. ती वाफ तेल घेऊन बाहेर पडते, थंड होते आणि तेल पाण्यावर तरंगायला लागतं. शेतकरी त्याला पिपरमिंट म्हणतात. काका टेम्पोने जातात, दिवसभर टाकीपाशी बसतात, सल्ले देतात (वॉशर बदला, गळतंय), आणि बाटली भरून आणतात. सोसायटीतले बाकीचे निवृत्त सकाळी सेन्सेक्स बघतात. काका एमसीएक्सच्या वायदे बाजारात मेंथा तेलाचा भाव बघतात, आणि तो पडला की त्यांचा चेहरा उतरतो. गुंतवणूक शून्य. नुसती आपुलकी.

२०२१ मध्ये तर कहर झाला. वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना मिळालं. त्वचेतल्या नसांमध्ये थंडी ओळखणारं एक प्रथिन असतं. मेंथ्याच्या तेलातलं मेंथॉल नेमकं तेच चाळवतं. त्या प्रथिनाचा शोध या दोघांनी स्वतंत्रपणे, मेंथॉलच वापरून लावला होता. कातडी थंड झालेली नसते, पण मेंदूला वाटतं बर्फ लावला, आणि दुखण्याची तक्रार जरा मागे पडते. ही बातमी काकांनी वाचली आणि सोसायटीभर रेवड्या वाटल्या. "अर्धं नोबेल बाराबंकीचं," ते सांगत सुटले. स्वीडनमध्ये कोणी दखल घेतली नाही, पण पानाच्या टपरीवर चार दिवस हेच चाललं होतं.

काकांचा खरा शत्रू आधुनिक वैद्यक नाही. तो तळमजल्यावर राहतो आणि वकिली करतो. "भाईसाहब, सरसों का तेल। उसमें लहसुन, अजवाइन। इसके आगे दुनिया में कुछ नहीं।" काकांचा यावर संताप होतो. "सरसों अचार में डालने का! अंग को तिळाचं तेल, और वो जिरवने का, नुसता पुसने का नहीं!" मग ते तालीम काढतात. लाल मातीत तेल, हळद, लिंबू, ताक कसं कालवतात, पैलवान एकमेकांचं अंग कसं रगडतात, सगळं साग्रसंगीत. ऐकणाऱ्याला वाटतं, गृहस्थ एकेकाळी खासबाग मैदान मारून आला असणार. खरं म्हणजे काका लहानपणी तालमीत जायचे ते पैलवानांच्या मांड्या तुडवायला. वजन कमी होतं म्हणून त्यांची निवड झाली होती.

इतकं असूनही काकांच्या हातात पाय द्यायला मी कचरत नाही, कारण तेलाआधी त्यांची परीक्षा असते. लखनौने त्यांना एवढं शिकवलं आहे की विव्हळणाऱ्या माणसाशीही अदबीने बोलावं. "जनाब, जरा चार कदम चलकर दिखाइए." चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबून दुखलं, तर बाटलीचं बूच उघडत नाही. "गाडी काढा. एक्स-रे." हा ओटावाच्या डॉक्टरांचा नियम, १९९२ चा. काकांचा त्यावर गाढ विश्वास आहे: "आमच्या कारखान्याच्या सालातला आहे, चुकीचा असूच शकत नाही." पोटरीत मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि 'फट्' आवाज झाला, असं कोणी सांगितलं, तरी तेच. चाळिशीनंतर अचानक बॅडमिंटन आठवलेल्या दोघा-तिघांचं भलं या बंद बुचाने केलं आहे.

परीक्षेत जो पास होतो, त्याला मात्र सुटका नाही. तीस मिली तिळाच्या तेलात मेंथा तेलाचे बारा थेंब. ड्रॉपरने, प्रकाशाकडे धरून. "तेरावा पडला की ड्रॉइंगच्या बाहेर." मग अटी. ताजी सूज चोळायची नाही, हलक्या हाताने आजूबाजूला लावायचं. पाय उशीवर. हळूहळू चालायचं, पण तेल पूर्ण जिरेपर्यंत पळायचं नाही, बॉलिंग तर नाहीच. आणि तेल जिरायला लागतात किती? "आठ दिवस. कमीत कमी."

साधी मुरगळ भरून यायला जेवढे दिवस लागतात तेवढेच या तेलाला जिरायला लागतात, हा योगायोग माझ्या फार उशिरा लक्षात आला. आईचं, डॉक्टरचं, कॅप्टनचं न ऐकणारा वीस वर्षांचा पोरगा तेल वाया जाईल या भीतीने आठवडाभर बाकावर बसतो. काकांना हे कळतं की नाही, सांगता येत नाही. विचारलं तर ते मेंथॉलवर घसरतात.

न ऐकणाऱ्यांची उदाहरणंही आहेत. एका सॉफ्टवेअरवाल्याने बाराबंकीचं निव्वळ तेल दोन्ही मांड्यांना फासलं, वर क्रेप बँडेज बांधलं, आणि हात न धुता बाथरूमला जाऊन आला. जानेवारी होता, बाहेर दाट धुकं. तो कूलर लावून त्याच्यासमोर उभा होता. विंटरग्रीनच्या तेलाची बाटली मात्र काका कुलपात ठेवतात, आणि या बाबतीत ते विनोद खपवून घेत नाहीत. ते जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं. चमचाभर पोटात गेलं तर ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्या गिळल्यासारखं. २००७ मध्ये न्यूयॉर्कची एक शाळकरी धावपटू असली दुखणीमारू मलमं अंगभर लावत राहिल्याने दगावली. ती बातमी काकांनी कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवली आहे.

वॉर्मअपवरचं त्यांचं भाषणही चिनहटचंच. ३० जून १८५७ ला इंग्रजांच्या हेन्री लॉरेन्सची फौज लखनौहून इथवर चालत आली, भर उन्हात, उपाशीपोटी, आणि उठावातल्या शिपायांकडून सपाटून हरली. "नाश्ता नाही, पाणी नाही. वॉर्मअप तेवढा झाला, आठ मैलांचा. आणि मग परत पळत." इथे पोरं टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं भाषण संपलं.

भाषण संपत नाही, कारण व्यायाम राहिलेला असतो. तिसऱ्या दिवसापासून पाय लांब करून, अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवायची, अ पासून ज्ञ पर्यंत. हा व्यायाम जगभर देतात. काकांची भर एवढीच की त्यात ळ हवाच. "ळ ला घोटा चारी बाजूंनी फिरतो. तुमच्या वर्णमालेत नाही, म्हणून तर तुमचे घोटे आखडतात." चिनहटच्या बाकांवर दर हिवाळ्यात चार-दोन अवधी पोरं आभाळात ळ काढताना दिसतात.

गोमतीनगरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे पाहिलं. त्यांनी तेलाचा वास घेतला, नाक मुरडलं, तोल सुधारण्यासाठी एका पायावर उभं राहायचे व्यायाम लिहून दिले, आणि जाताना ळ मात्र नेला. आता त्यांच्या दवाखान्यातही तो गिरवतात म्हणे. काकांना ही गोष्ट लागली आहे. तेल ठेवून अक्षर नेलं!

"फुकट मिळतं ते उचललं," ते मला म्हणाले. "तेलाचा आजचा भाव काय आहे, तेवढं विचार म्हणावं त्यांना."