सॅटेलाइट भाऊ

भाऊंकडे सायकल आहे, हेल्मेट आहे, आतून गादी शिवलेली चड्डीसुद्धा आहे. नाही तो फक्त जीपीएस. तो घ्यायचं ठरून दोन पावसाळे उलटले. रोह्यात आता सगळे त्यांना सॅटेलाइट भाऊ म्हणतात.

गार्मिन एज 540 तर घेतल्यातच जमा होता. बॅटरी 26 तास चालते, असं कंपनी सांगते. भाऊंनी वहीत गणित मांडलं: 600 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, मुदत 40 तासांची. "मग उरलेले चौदा तास काय वाटसरूंना पत्ता विचारत जायचं?" वाटेत पॉवर बँक लावा, म्हटलं तर दिवसभर बोलले नाहीत. मग सोलरवाला पाहिला. पण कोकणात चार महिने ऊन कुठून आणायचं? गार्मिनच्याच 840 ला टचस्क्रीन, म्हणजे पावसाचे थेंबच नकाशा सरकवणार. वाहू कंपनीच्या यंत्राची बटणं पसंत पडली, किंमत नाही पडली. ब्रायटन कंपनीचा स्वस्त निघाला, तर "एवढा स्वस्त का?" या शंकेनं झोप उडाली.

भाऊंची फेरी म्हणाल तर रोहा ते कोलाड आणि परत. कोलाडला एक वडापाव. रस्ता इतका पाठ की खड्डेही ओळख दाखवतात.

पण ज्ञान अस्सल, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्याच्या हँडलवर यंत्र दिसलं, की रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात तसे भाऊ ताठ उभे राहतात. गेल्या श्रावणात मुंबईचा एक सायकलवाला नाक्यावर चहाला थांबला होता, वैतागलेला. कुंडलिकेच्या काठानं सपाट रस्त्यानं आला, तरी यंत्र घाट चढल्याचं दाखवत होतं. भाऊंनी यंत्र उलटं केलं, खालच्या बारीक भोकाकडे बोट दाखवलं. "उंची हवेच्या दाबावरून मोजतो हा. भोकात पाणी बसलंय. नीट वाळू द्या." स्वतःच्या रुमालानं टिपूनही दिलं.

तो गडी हरखला. "काका, तुम्ही कुठलं मॉडेल वापरता?"

भाऊंनी हँडलकडे नुसतं पाहिलं. तिथं वायरवाला मीटर होता. खाली चाकाच्या तारेला लोहचुंबक, दर फेऱ्याला एक आकडा मोजणारा.

"हे तात्पुरतं आहे," भाऊ म्हणाले.

त्या तात्पुरत्याला यंदा सातवं वर्ष लागलं. सेल तेवढा दोनदा बदललाय.