फक्त जंतूंसाठी

आमच्या इमारतीची लिफ्ट सकाळी आठच्या सुमाराला रिकामी उघडली, तरी आत कोण येऊन गेलं ते विचारावं लागत नाही. चौथ्या मजल्यावरचे काका खाली उतरून, पेपरवाल्याशी बिलावरून हुज्जत घालून, दुधाच्या पिशव्या घेऊन जिन्याने वरही पोचलेले असतात. त्यांचा लवंग-दालचिनीचा वास मात्र अजून लिफ्टनेच ये-जा करत असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला तर तो काकांचा वास आहे हे मान्यच नाही. तो लिफ्टचा वास आहे, लिफ्ट बसवतानाच कंपनीने घालून दिला, असं त्याचं मत आहे. मामाच्या इमारतीतल्या लिफ्टला तसा वास येत नाही, म्हणजे ती डुप्लिकेट, असंही.

हे काका तुमच्याकडेही आहेत. डोंबिवलीत असतील, नाशकात असतील, पार्ल्यात पुनर्विकासाची वाट बघत असतील. बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झाले, मुलांची शिक्षणं झाली, कर्ज फिटलं, मधुमेह आला. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट जागची हलली नाही: बेसिनवरच्या आरशाच्या कपाटातली, पांढरी, गलबताचं चित्र असलेली ओल्ड स्पाइसची बाटली.

‘काका, सेंट मस्त आहे हं,’ असं त्यांना एकदा म्हणून बघा. चेहरा पडतो.

“सेंट? आम्ही सेंटबिंट लावत नाही हो. आफ्टरशेव्ह आहे ते. दाढी करताना बारीक बारीक कापतं, त्यातून जंतू जातात आत. त्यासाठी.”

हे सांगताना ते हाताने थोपटून जी जागा दाखवतात ती गालावर नसते. मानेच्या मागे, कॉलरच्या आत असते. तिथवर वस्तरा कधी पोचलेला नाही. जंतू पोचत असावेत.

या जंतूंना हसू नये. ते नसते तर मराठी मध्यमवर्गीय पुरुषाच्या अंगाला जन्मभर लाइफबॉयखेरीज कसलाही वास आला नसता. काकांच्या लहानपणी सुवासाचे दिवस ठरलेले होते. लग्नाच्या मांडवात दाराशी उभा असलेला मुलगा हाताच्या पंजावर अत्तराचं बोट ओढायचा आणि दुसरा गुलाबदाणी नेमकी चष्म्यावर झटकायचा. दिवाळीच्या पहाटे उटणं, मोती साबण आणि कानात फाया. संपलं. एरवी एखाद्या मंगळवारी सकाळी कुणी पुरुष अत्तर लावून घराबाहेर पडलाच, तर तो कुठे निघाला असेल याचा आळीभर विचार होई आणि जो निष्कर्ष निघे तो मुलांसमोर बोलला जात नसे. काकांचे वडील दाढीनंतर तुरटीचा खडा फिरवत. तुरटीने रक्त थांबायचं, कातडी आवळायची आणि कुणाला काही कळायचं नाही.

अशा घरात आफ्टरशेव्हची बाटली शिरली ती केवळ झोंबण्याच्या जोरावर. आपल्याकडे औषधाची परीक्षा सोपी असते. कडू लागलं किंवा झोंबलं, की ते खरं. ताज्या दाढीवर अल्कोहोल पडलं आणि तरुण काकांनी दातांतून ‘स्स्स’ केलं, तेव्हा बाहेर पेपर वाचत बसलेल्या वडिलांची खात्री पटली की पोरगं चैन करत नाहीये. सोबत येणारा वास हा औषधाचा नाइलाज म्हणून खपून गेला. कोलनवॉटर तर त्याच्या आधीपासून घरात होतंच. पोरांच्या तापासाठी. रुमालाची घडी भिजवून कपाळावर ठेवायची. ताप उतरला की त्याच घडीने आई स्वतःची मान पुसून घेई. तिकडे कुणी पाहत नसे.

युरोपात हा प्रवास नेमका उलटा झाला होता. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ पासून बनणारं हे पाणी लोक आधी पोटातही घेत आणि नाना दुखण्यांवर वापरत. १८१० साली नेपोलियनने हुकूम काढला की औषधं विकणाऱ्यांनी त्यांच्या कृती सरकारजवळ उघड कराव्यात. कृती कोण देतो! ‘आमचं हे औषधच नव्हे, निव्वळ सुगंध आहे,’ असं म्हणून कोलोनचे कारखानदार मोकळे झाले. पुढे शे-दीडशे वर्षांनी आमच्या काकांच्या पिढीने तेच पाणी पुन्हा औषधांच्या फळीवर नेऊन ठेवलं. नेपोलियनचा हुकूम असा गिरगावात येऊन निकालात निघाला.

काकांना बाटलीवरच्या गलबताचा भारी अभिमान. समुद्र, शिडं, मसाल्याचा व्यापार. मर्दानी वस्तू म्हणतात ती ही, असं त्यांचं म्हणणं. यातली खरी गोष्ट त्यांच्या पुतण्याने एका दिवाळीत फराळाला बसल्यावर सांगितली आणि तेव्हापासून तो जरा नावडता झाला. शुल्टन नावाच्या अमेरिकन कंपनीने १९३७ साली ओल्ड स्पाइस काढलं ते बायकांसाठी. मालक विल्यम शुल्ट्झ याची आई वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि मसाले एका बरणीत घालून ठेवायची. त्या बरणीवरून हा वास सुचला. पुरुषांची बाटली आली १९३८ मध्ये. गलबतं तिच्यावर चढली, कारण अमेरिकेच्या जुन्या वसाहतकाळाची आठवण विकायची होती. हे ऐकून काकूंनी हातातली चकली खाली ठेवली.

“म्हणजे इतकी वर्षं माझं लावताय होय?” एवढंच म्हणाल्या आणि चकली पुन्हा उचलली.

पुतण्याने गेलेली पत परत मिळवली ती पुढच्या दिवाळीत. १९९० मध्ये ओल्ड स्पाइस प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेलं. पुढे अमेरिकेत काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची आली, आणि तिथले जुने शौकीन तेव्हापासून सुतकात आहेत. त्यांच्यातले काही जण चक्क भारतातली बाटली मागवून घेतात; हिच्यात जुना वास जास्त उरला आहे, असं त्यांचं मत. हे कळल्यापासून ‘अमेरिकन लोक आपल्याकडनं मागवतात’ हे वाक्य काकांनी वॉचमनला, फॅमिली डॉक्टरांना आणि गॅसच्या सिलिंडरवाल्याला ऐकवून झालं आहे. सिलिंडरवाला म्हणाला, “पावती घ्या.”

आता काका लावतात किती, हा प्रश्न. नोकरीच्या पहिल्या वर्षी तळहातावर चार थेंब असत. पण ज्या वासात नाक कायम बुडालेलं असतं तो त्याला कळेनासा होतो. काही मिनिटांतच मेंदू त्याची नोंद घेणं सोडून देतो. शिवाय आफ्टरशेव्हमध्ये सुगंधी द्रव्यं असतात ती साधारण एक ते तीन टक्के, बाकी अल्कोहोल आणि पाणी. दाढी केल्यावर दोन तासांनी शर्ट हुंगून काकांनी निष्कर्ष काढला, “हल्ली पूर्वीचा माल राहिला नाही,” आणि थेंब वाढवले. नाक मागे हटत गेलं, बाटली पुढे सरकत गेली. निवृत्तीपर्यंत प्रकरण ओंजळीवर आलं होतं. स्वतःचा वास मुळीच येत नसल्यामुळे काकांना जगातले बाकीचे वास मात्र फार स्पष्ट येतात.

त्यांचा निवाडा बहुधा लिफ्टमध्येच होतो. दुसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला तरुण डिओ मारून आत आला की काका श्वास रोखतात तो तळमजल्यावर सोडतात. “झुरळांवर फवारतात तसा फवारतो. अंघोळ करत नसणार.” दुबईच्या भाच्याने हौसेने ऊद आणून दिलं. काकांनी आधी किंमत विचारली, मग बाटली किती मिलिलिटरची ते विचारलं, मनात भागाकार केला आणि मगच झाकण उघडलं. “धूप घातल्याचा वास येतोय रे. माणसाला कशाला? घराला लाव.” वासाची खरी परीक्षा म्हणजे मिलिलिटरमागे काय पडलं, यावर त्यांची अढळ श्रद्धा आहे. महाग वास त्यांना मुळातच संशयास्पद वाटतो. एवढे पैसे मोजून माणूस काय झाकत असेल, असं त्यांच्या मनात येतं. स्वतःच्या कंपनीलाही सूट नाही. तिच्या ‘मस्क’बद्दल, “कस्तुरीचं सकाळी सकाळी काय काम?” ‘फ्रेश लाइम’बद्दल, “लिंबू सरबतात पिळावं.”

पण खरं वैर आहे ते हिरव्या बाटलीशी. बी विंगमधले एक गृहस्थ पूर्वी बोटीवर होते. त्यांनी परदेशी बंदरात ब्रूट पाहिलं आणि ते ब्रूटचेच झाले. १९६४ साली फॅबर्जे कंपनीने काढलेलं हे कोलोन. हिरवी काच, गळ्यात पदक. वास लॅव्हेंडरचा, बडीशेपेच्या आसपासचा, तळाला व्हॅनिला. (मला विचाराल तर बरा आहे. पण आमच्या लिफ्टमध्ये मत मांडायची सोय नाही.) काका त्याला ‘सलूनचा वास’ म्हणतात. पुढे कंपनीने स्वस्तातली ‘ब्रूट ३३’ आणली. तिच्यात मूळच्या तेहतीस टक्केच सुगंध घातला होता. हे समजल्या दिवशी काका बागेत फार खुशीत दिसले. “तेहतीस टक्के म्हणजे दोन मार्कांनी नापास,” असं त्यांनी त्या गृहस्थांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. वार्षिक सभेत हे दोघे एका रांगेत बसले, की मधली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहते. गणपूर्ती झाली नाही तरी.

पुतण्या हा नव्या वाणाचा शौकीन. त्याच्याकडे लहान लहान कुप्या आणि हुंगायच्या कागदी पट्ट्या असतात. एकदा त्याने काकांची बाटली पट्टीवर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाला, “वरती संत्रं... मग कार्नेशन येतं हळूहळू.”

“कार्नेशन?” काका उसळले. “अरे, लवंग आहे ती! दातदुखीला लावतो ती.”

दोघंही अर्धा तास हटले नाहीत, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. लवंगेच्या आणि कार्नेशनच्या, दोन्हींच्या वासामागे युजेनॉल हेच द्रव्य आहे. दातांचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात त्यातही तेच. त्यामुळे काकांना त्या दवाखान्यात फार प्रसन्न वाटतं. डॉक्टर मात्र दर वेळी विचारतात, “आधी दुसरीकडे दाखवून आलात का?”

काकांच्या मुलीचं लग्न या बाटलीपायी मोडता मोडता जुळलं. मुलीने स्वतःच पसंत केलेला मुलगा घरी आला. शिकलेला, नोकरी उत्तम, नमस्कारही वाकून केला. पण वाकला तेव्हा ऊदाचा एक लोट काकांवर आला. काका स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हणाले, “एवढं महाग अंगावर ओततो. घराचे हप्ते भरेल का हा?” मुलीला ऐकू गेलं. पोह्यांवर खोबरं भुरभुरता भुरभुरता ती रडायच्या बेतात आली.

तेवढ्यात मुलाचे वडील, जे खाली गाडी लावायला जागा शोधत होते, ते वर आले. दारात काका पुढे झाले आणि दोन हातांच्या अंतरावर दोघंही थबकले. नाव, गाव, हुद्दा काही झालं नाही.

“ओरिजिनल?” काकांनी विचारलं.

“काचेची,” ते म्हणाले.

पुढचा तासभर मुलगा आणि मुलगी कुणालाच आठवली नाहीत. तुरटी निघाली, कोलनवॉटर निघालं, अमेरिकन लोक आपल्याकडनं मागवतात हे निघालं. मुलाच्या वडिलांनी आवाज खाली आणून विचारलं, “तुम्ही कशासाठी लावता?”

“जंतूंसाठी.”

“अर्थात. मीही.”

पत्रिका पाहायची राहून गेली ती राहूनच गेली. लग्नात मानपानाच्या वेळी व्याह्यांनी एकमेकांना भेटीची खोकी दिली. दोन्ही उघडली तर आत तीच बाटली. होमाशी दोघं शेजारी बसले तेव्हा गुरुजींनी मंत्र थांबवून समिधांच्या ताटात लवंगा कुणी टाकल्या ते पाहिलं.

पंगतीत विहीणबाई काकूंकडे झुकून म्हणाल्या, “आमच्याकडे हे रिकामी बाटली टाकू देत नाहीत हो. तुम्ही काय करता?”

“मी गुलाबपाणी भरून ठेवते त्यांत.”

“आणि यांनी चुकून लावलं तर?”

“लावलं होतं ना एकदा,” काकू जिलबी मोडत म्हणाल्या. “भेसळ आहे म्हणाले. झोंबतच नाही.”