नापास न होणारा प्रयोग

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात आयुध निर्माणी आहे. तिथं स्फोटकं बनतात आणि बाहेर पडण्याआधी मालाला चाचणी द्यावी लागते. आपल्या प्रयोगशील कवितेचा कारभार नेमका उलटा. इथं प्रयोग कधी फसतच नाही, फसतो तो वाचक. ओळ मधेच तोडली, विरामचिन्हं हद्दपार केली, पानाच्या कोपऱ्यात एकटाच ‘आणि’ टांगून ठेवला, की झाली कलाकृती! अर्थ विचारायची सोय नाही; विचारणारा जुनाट ठरतो. (यमक जुळलंच, तर कवी संशयित.)

कवी मर्ढेकरांचं तसं नव्हतं. त्यांनी अभंग-ओवीच्या साच्यातच यंत्रयुग कोंबलं. मोडतोड केली ती आधी छंद हाताखालून घालून. ‘काही कविता’ १९४७ साली आल्या आणि सरकारनं त्या इतक्या मन लावून वाचल्या, की अश्लीलतेचा खटलाच भरला. कवी सुटले १९५२ साली. आजच्या प्रयोगावर खटला भरायचा तर आधी कुणीतरी तो शेवटपर्यंत वाचायला हवा. कविसंमेलनात पाचवा कवी माइकसमोर येईस्तोवर पहिले चार आपापलं मानधन खिशात घालून चहाला गेलेले असतात.