रात्रपाळी, चामा यार्ड

संध्याकाळचे साडेसहा. शेजारीपाजारी मालिकांची शीर्षकगीतं सुरू झालेली. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून हयात काढलेल्या मामांच्या टीव्हीवर मात्र अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सकाळचे सात वाजलेले असतात. चामा गावचं रेल्वे यार्ड, तिकडे रोखलेला वेबकॅम, एक काळं इंजिन आणि जराशी वाफ. दोन दिवसांसाठी आलेला भाचा बँकेत नोकरीला. वेळेचंही व्याज मोजणारा.

“मामा, चित्र अडकलंय.”

“अडकलं नाही. इंजिन तापतंय.”

“पंधरा मिनिटं?”

“बॉयलर आहे तो, इंडक्शनची शेगडी नव्हे. रात्रभर भट्टीत विस्तव राखलाय म्हणून बरं. गार इंजिन पेटवायचं तर दिवस मोडतो. घाई केलीस की एकीकडचं लोखंड फुगतं, दुसरीकडचं गारच राहतं आणि नळ्या गळायला लागतात.”

मामांचा विषय निघाला की आवरत नाही, पण बोलणं सहसा चुकत नाही. 1880 साली डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीने सॅन वान डोंगरातल्या खाणींसाठी ही तीन फुटी लाइन टाकली. खाणी आटल्या, मालवाहतूक गेली. रूळ भंगारात निघायचे, पण 1970 मध्ये कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी मिळून चामा ते अँटोनिटो हा 64 मैलांचा तुकडा विकत घेतला. आता तिथे कंब्रेस अँड टोल्टेक नावाने पर्यटकांची गाडी धावते. आमची बार्शी लाइट 1897 ची आणि अडीच फुटी होती, हे मामा न विचारता सांगतात.

“इंजिनावर 484 लिहिलंय. मॉडेल कुठलं?”

“के-36. छत्तीस म्हणजे त्याची ओढ, छत्तीस हजार पौंडांची. 1925 साली बाल्डविन कारखान्याने दहा बांधली, नऊ अजून शिल्लक आहेत.”

“दहावं?”

“सलायडाच्या शेडात टर्नटेबलच्या खड्ड्यात पडलं.”

“फिटरची चूक?”

“शेडवाल्यांची. फिटर खड्ड्यात नंतर उतरतो.”

एवढ्यात पडद्यावर हालचाल झाली. लांब दांड्याचा खोरा घेतलेला एक माणूस इंजिनाखाली वाकला आणि राख ओढू लागला. धुळीचा लोट उठला. मामा सरसावून बसले.

“अरे, पाणी मार आधी! डोळ्यांत जाईल!”

“मामा, त्याला ऐकू जात नाही.”

“आमच्या खलाशांना समोर उभं राहून सांगितलं तरी जात नसे.”

राख काढणारा गेला, तेलवाला आला. लांब चोचीची तेलाची झारी घेऊन तो दांड्यांच्या सांध्यासांध्यापाशी थांबे, तेल सोडी, उपड्या हाताने लोखंड चाचपून पुढे सरके. मामा प्रत्येक सांध्याला मान डोलवत होते. एक सांधा राहिला असं त्यांचं ठाम मत पडलं. भाच्याने रिमोट शोधला, रिवाइंड होईना. आतून मामींचा आवाज आला, “नोकरीत असताना इंजिनाकडे एवढं लक्ष दिलं असतं तर फोरमन होऊन निवृत्त झाले असते.”

“पण इतकं तापवून हे जाणार कुठे?” भाच्याने विषय वळवला.

“कंब्रेस खिंडीत. 10,015 फूट. चढ पंचविसात एक.”

“म्हणजे जास्त?”

“आपला बोरघाट सदतिसात एक, तरी मागून इंजिनं ढकलायला लावतात. माथेरानची गाडी विसात एक चढते, पण तिच्यामागे डबे किती? इथे गाडी जड असली की दोन इंजिनं जुंपतात. शिवाय चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू सोडतात.”

मागे लाकडी मनोरा दिसत होता. पूर्वी त्यातून कोळसा भरत. आता लोडर कोळसा ओततो, हे कळताच भाच्याला विजय मिळाल्यासारखं झालं. मामांच्या दुखऱ्या जागा आणखीही आहेत. 2018 साली शेजारच्या ड्युरँगो लाइनजवळ वणवा पेटला. सरकारने ठिणगीचा ठपका ठेवून त्या रेल्वेवर दावा लावला आणि तडजोडीत तिला दोन कोटी डॉलर मोजायचं कबूल करावं लागलं. ठिणग्यांची धास्ती सगळ्यांनीच घेतली. चामाचं 489 आता तेलावर चालतं. ते चौकटीत आलं की मामा पाणी प्यायला उठतात.

“1989 च्या इंडियाना जोन्समध्ये सर्कसच्या गाडीवरून पोरगा पळतो ना,” मामांनी गळ टाकला, “ती याच लाइनवर काढली.”

“काय सांगता!” भाच्याने खुर्ची पुढे ओढली. जेवणाची ताटंही टीव्हीसमोर आली.

साडेनऊला, म्हणजे तिकडच्या दहाला, शिट्टी झाली. गाडी चौकटीबाहेर गेली आणि भाच्याच्या मोबाइलवर मेसेज वाजला: आजचा डेटा संपला.

“मामा, तुमच्याकडे वायफाय नाही?”

“नाही रे.”

“मग हे तीन तास कशावर चाललं होतं?”

“दुपारी तूच नाही का मामीला हॉटस्पॉट लावून दिलास, पाककृती बघायला?”

“पाककृती बघू देतंय कोण!” मामी आतून म्हणाल्या.