झरी जामणी तालुक्यात गाडीला टच सेट बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम, सेट कोणाला ऐकवायचा आहे ते ठरवून घ्या. गाडीत बसणाऱ्यांनाच ऐकवायचा असेल तर पुढचं वाचण्याची गरज नाही, कंपनीनं दिलेला टेप पुरेसा आहे. आपल्याकडे टच सेट बसवतात तो गाडीबाहेरच्या मंडळींसाठी. पाटणच्या चौकातल्या, मुकुटबनच्या चहाटपरीवरच्या, आणि विशेषकरून त्या चुलतभावासाठी, ज्यानं मागच्या दिवाळीत बोलेरोला नऊ इंची सेट लावला आणि तेव्हापासून भाऊबंदकीच्या बैठकीत रिमोट हातात धरून बसतो. त्यामुळे तुलनेचा पहिला निकष इंच. त्याचा नऊ, तर आपला दहा.

आता यात एक तांत्रिक अडचण आहे. डॅशबोर्डातल्या खाचेचं माप जर्मनांनी फार पूर्वी ठरवून टाकलंय: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. दुप्पट उंचीची खाच म्हणजे डबल डिन. तिच्यात सात इंची पडदा नीट मावतो. त्याहून मोठा हवा तर गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळी फ्रेम लागते, आणि दहा इंची असेल तर तो बऱ्याच गाड्यांत एसीच्या जाळीसमोर उभा राहतो. म्हणजे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना गार वारा पडद्याच्या पाठीला आणि गरम वारा तुमच्या तोंडाला. तक्रार करू नका. काळ्या काचेमागच्या त्या चिपला गारव्याची तुमच्याहून जास्त गरज असते. ती तापली की गाणं अडखळतं, मग पडदा काळा होतो, मग कंपनीचं बोधचिन्ह पुन्हा उगवतं आणि पाहुण्यांना वाटतं की हेही एक फीचर आहे.

किमतींची तुलना रुपयांत करू नये, मन खचतं. क्विंटलात करावी. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. साधा चायना सेट साधारण एका क्विंटलात येतो, नावाजलेल्या कंपनीचा सेट तीन-चार क्विंटल खातो. फरक एवढाच, की कापसात आठ टक्क्यांवर ओलावा निघाला तर भाव कापतात. सेटमध्ये पाणी शिरलं तर बिल कापत नाहीत.

बाजार चार. वणी, पांढरकवडा, पैनगंगेपलीकडचं आदिलाबाद आणि ज्याला वेळ व डिझेल दोन्ही जास्त आहे त्याला नागपूर. चारही ठिकाणी भाव विचारा आणि प्रत्येक ठिकाणी बाकीच्या तिघांचा भाव हजारानं कमी करून सांगा. वणीचा दुकानदार म्हणेल, ‘‘भाऊ, तो माल येगळा हाय.’’ आदिलाबादचा हेच तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणेल. चौघांच्याही फळीवर एकाच कारखान्यातले, वेगवेगळी नावं चिकटवलेले डबे असण्याची शक्यता दाट आहे, पण हे तोंडावर बोलू नये. चहा येणार असतो.

डब्यावर लिहिलेलं असतं: ८ जीबी रॅम, १२८ जीबी मेमरी. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर तिथंही तेच दिसतं, कारण तो आकडा कारखान्याच्या मेनूतून हवा तसा टाकता येतो. खरं बघायचं असेल तर सीपीयू-झेड किंवा आयडा-६४ हे फुकटातलं ॲप दुकानातच सेटवर टाका. आठाचे दोन होताना दिसतात. तेव्हा दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहू नका, भाव सांगा. ही संपूर्ण खरेदीतली एकमेव वेळ असते जेव्हा ग्राहकाचा वरचष्मा असतो, आणि ती साधारण अर्धा मिनिट टिकते.

त्यानंतर वॅट. डब्यावर ‘४ x ६०’ असतं. ज्यांच्या घरी बारावी सायन्सचं पोरगं आहे त्यांनी त्याला बसवून गणित करून घ्यावं: गाडी चालू असताना बॅटरीला मिळतात साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा. व्होल्टचा वर्ग करायचा आणि चाराच्या दुपटीनं भागायचं. सव्वीसच्या खाली उत्तर येतं, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर. स्वच्छ आवाजात पंधरा-वीस हाती लागले तरी खूप. मग साठ कुठून आले? ते छपाईवाल्यानं दिले. अस्सल ब्रँडच्या डब्यावरही मोठा आकडा असतोच, मात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘आरएमएस’ लिहून खरा आकडाही दिलेला असतो. ज्या डब्यावर तो आकडा कुठंच नाही, तो सेट ऐकण्याचा नसून पाहण्याचा समजावा.

आणि इथंच एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी ती या मार्गदर्शनाच्या उद्देशाला मारक आहे. आवाज पडद्यातून येत नाही. तो दारातल्या स्पीकरमधून येतो, आणि तो स्पीकर गाडी शोरूममधून निघाली तेव्हाचाच असतो: कागदी कोनाचा, कडेनं भिजलेला, सिमेंट कारखान्याकडे जाणाऱ्या टिप्परांची सगळी धूळ पोटात घेतलेला. चार क्विंटलांतलं एक क्विंटल त्याच्यावर घातलं, दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट चिकटवली, तर जुन्या टेपवरही गाणं ऐकू येईल. परंतु स्पीकर दाराआड असतो. चुलतभावाला दिसत नाही. म्हणून आपल्या तालुक्यात स्पीकर बदलण्याऐवजी डिकीत ‘बूफर’ टाकण्याची प्रथा आहे. तो नंबरप्लेट थरथरवतो, आणि तेवढ्यावरून लांबचा माणूससुद्धा कोण आलं ते ओळखतो.

चाचणी भर दुपारी, उन्हात घ्यावी. दुकानाच्या सावलीत सगळेच पडदे झकास दिसतात. गॉगल लावूनही पाहा. काही पडदे त्यातून चक्क काळे दिसतात. आवाजी आज्ञा द्यायची तर मराठी जमते, पण ‘माथार्जुनला चाल’ म्हटल्यावर तो महाभारताकडे वळू शकतो, आणि कोलामी किंवा गोंडीत विचारलं तर पडदा तुमच्याकडे पाहतो, तुम्ही पडद्याकडे. नकाशा वणीतच वायफायवर डाऊनलोड करून ठेवा, पुढं टॉवर साथ देईलच असं नाही. जीपीएसचा अँटेना फिटर डॅशबोर्डच्या आत, लोखंडाच्या खाली कोंबतो; तो काचेजवळ आणून घ्या, नाहीतर तुम्ही रस्त्यावर असता आणि बाण पैनगंगेत पोहत असतो. मागचा कॅमेरा पावसाळ्यात काळ्या मातीनं लिंपला जातो. त्यासाठी गाडीत फडकं ठेवतात आणि मागं घेण्याआधी खाली उतरून तो पुसतात. उतरल्यावर मागं काय आहे ते दिसतंच, पण पुसावं.

फिटिंगच्या वेळी चहाला जाऊ नका. पिवळी वायर कायम चालू राहणाऱ्या बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल एकत्र पिळल्या तर सेट रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारायला चुलतभावालाच हाक मारावी लागते. मूळ वायरिंग कापू देऊ नका, कपलर मागा. कपलर शे-पाचशेचा असतो, पण दुकानदाराला तो मागताना आपण त्याची किडनी मागतोय असं वाटतं. हॅन्डब्रेकची एक वेगळी वायर असते: हॅन्डब्रेक ओढला असेल तरच व्हिडिओ दिसावा, म्हणून ठेवलेली. फिटर न विचारता ती अर्थला जोडून देतो आणि अभिमानानं सांगतो, ‘‘आता चालत्या गाडीत पिच्चर पाहा.’’ त्याला ती सोडवून जागेवर लावायला सांगा. तुमच्याकडे तो ज्या नजरेनं पाहील ती सहन करा.

घरी किंमत सांगताना कॅमेरा फुकट मिळाला, फ्रेम ओळखीत मिळाली आणि फिटिंग दुकानदारानं गावाकडचा माणूस म्हणून माफ केलं, या क्रमानं सांगावं. वॉरंटीचं कार्ड मात्र नीट वाचून घ्या. सेटला एक वर्ष, टचला सहा महिने, आणि आवाजाला दुकानाच्या पायरीपर्यंत.