थाऊशेठ

अमेरिकेतल्या कुठल्याही गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर शनिवारी सकाळी जा, थाऊशेठ तिथं असतातच. नाव अर्थातच मी ठेवलेलं. भोसरीच्या वर्कशॉपात लेथवरचा कारागीर इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतो, आणि या गृहस्थांचा सगळा संसार त्या थाऊवर चाललेला असतो. साधा कागद साधारण चार थाऊ जाड. थाऊशेठ बोलायला लागले की कागद म्हणजे भिंत वाटू लागते.

वय साठीपुढचं, पेन्शन सुरू, मुलं दुसऱ्या राज्यात. गाडी बाहेर बर्फात उभी, कारण गॅरेजमध्ये प्रेस, डाय, तराजू आणि व्हर्निअर कॅलिपर राहतात. दुकानातली तयार काडतुसं त्यांना चालत नाहीत. “ती कुणाच्याही बंदुकीत जातात,” असं ते म्हणतात, आणि ‘कुणाच्याही’वर असा जोर देतात की तयार काडतुसं वापरणाऱ्यानं मान खाली घालावी.

एकदा उडालेलं पितळी नळकांडं उचलून आणायचं, घासूनपुसून त्याला मूळ मापात आणायचं, बुडाला नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी गोळी दाबायची, एवढं हे काम. दारूचं वजन ग्रेनमध्ये. सराफाची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. थाऊशेठ ग्रेनच्या दहाव्या भागावरून स्वतःशी भांडतात. पण खरा जीव अडकलेला असतो तो शेवटच्या पायरीत: गोळी दाबायची ती किती खोल?

प्रश्न वेडगळ नाही, हे आधी कबूल करू. गोळी खोल बसली की काडतूस आखूड होतं आणि गोळीचा खांदा बॅरलमधल्या आट्यांपासून, म्हणजे आतल्या पिळदार खाचांपासून, दूर राहतो. चाप ओढल्यावर तेवढं अंतर ती निराधार उडी मारते, आणि आट्यांत शिरताना जरा तिरकी शिरली तर निशाण्यावर त्याची वसुली होते. बाहेर ठेवली की उडी कमी. अगदी आट्यांना टेकवली तर उडीच नाही, पण चेंबरमधला दाब वाढतो. आणि फार खोल दाबली तर नळकांड्यातली जागा घटते, म्हणून तिकडूनही दाब वाढतो. अमेरिकेतल्या उत्पादकांची सामी ही संस्था १९२६ सालची. अशी मापं ती ठरवून देते. १९५२ साली बाजारात आलेल्या .३०८ विंचेस्टरसाठी कमाल लांबी २.८१० इंच.

थाऊशेठना हे २.८१० कुणी सुचवलेलं आवडत नाही. “ते सगळ्यांचं माप झालं. माझ्या बंदुकीचं काय?” मग शोध सुरू होतो. गोळीला मेणबत्तीची काजळी लावून बोल्ट बंद करायचा आणि आट्यांचे ओरखडे उमटले का ते भिंगातून बघायचं. मेणबत्ती केकवरची असते, हे बायकोला वाढदिवसाच्या दिवशी कळतं. काडतुसाची लांबी टोकापासून मोजणाऱ्याला ते अडाणी समजतात, आणि इथं त्यांचं बरोबरच आहे: गोळ्यांची टोकं एकसारखी नसतात, म्हणून जाणकार बुडापासून गोळीच्या फुगीर खांद्यापर्यंत मोजतात. त्यासाठी वेगळं उपकरण लागतं. ते त्यांच्याकडे आहे. दोन आहेत, आणि दोघांचं पटत नाही.

बर्जर कंपनीनं आपल्या लांबनाक्या व्हीएलडी गोळ्यांसाठी चाळीस-चाळीस थाऊंच्या पायऱ्यांनी चाचणी सुचवली होती. थाऊशेठ तीन-तीन थाऊंनी जातात. एका स्पर्धेत त्यांनी गोळी आट्यांत चांगली रुतवून ठेवली, आणि तेवढ्यात गोळीबार थांबवायचा हुकूम आला. बोल्ट ओढला तर नळकांडं तेवढं हातात, गोळी बॅरलमध्ये अडकलेली, आणि मोजून भरलेली दारू सगळ्या यंत्रणेत सांडलेली. क्लीनिंग रॉडनं गोळी मागे ठोकत असतानाही ते म्हणाले, “माप मात्र अचूक होतं.”

त्यांना नामोहरम करणारी गोष्ट एकच, बॅरल झिजतं. गोळ्या मारता मारता आट्यांची सुरुवातच पुढे सरकते, त्यामुळे वहीतलं गेल्या वर्षीचं सुवर्णमाप यंदा शिळं होतं. थाऊशेठना याचं दुःख होत असेल असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, होत नसावं. पुन्हा शोधायला मिळतं!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, हे मी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. पहिला प्रश्न आला: “गोळी किती खोल बसवतो?” मी सांगितलं, ती .२२ रिमफायर, कारखान्यातूनच भरून येते, घरी भरायची सोय नाही. खेळाडू वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि आपल्या बंदुकीला मानवेल तो उचलतात. थाऊशेठ बराच वेळ गप्प राहिले. मग कळवळून म्हणाले, “मग बिचारा रात्री करतो काय?”

आता निकाल. लांबीनं फरक पडतो. काही गोळ्यांना जास्त, काहींना अगदी थोडा. वेदरबी रायफलींत आट्यांआधी भलीमोठी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, तरी त्या नेमक्या लागतात. थाऊशेठ तीन गोळ्या मारतात, छिद्रांमधलं अंतर मोजतात आणि तेवढ्यावर तीन थाऊंचा फैसला करतात. त्याच लांबीच्या आणखी तीन मारल्या तर छिद्रांचा गट निव्वळ योगायोगानं दुप्पट रुंद येऊ शकतो. शिवाय शंभर यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा त्यांची गोळी सुमारे पाऊण इंच ढकलतो, पण वाऱ्याला कॅलिपर लागत नाही, म्हणून त्याची नोंद वहीत नाही. खरं कळायला एका लांबीच्या वीसेक गोळ्या तरी माराव्या लागतील.

कधी गाठ पडलीच तर पितळ, प्रायमर, खांदा, आटे, काय हवं ते विचारा. माणूस दिलदार आहे, दुपारपर्यंत सांगेल. फक्त तीन छिद्रं एकमेकांना चिकटलेला तो कागद दाखवत असताना चौथी गोळी मारायला सांगू नका.